पहिला ळ

तीन वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली सकाळ. इंदूरहून निघून आम्हाला तीन तास झाले होते, गाडी बिजासन घाट उतरत होती आणि मागच्या सीटवर दोन मुलं दोन मोबाइलमध्ये बुडालेली होती. गाडीत इतकी शांतता होती की मला वाटलं, यंदाचा प्रवास सुखाचा चाललाय. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. एका वळणावर त्याने मान वर केली, चेहरा पांढराफटक, आणि सकाळचे पोहे माझ्या शालीवर आले. घाटात थांबायला जागा नव्हती. खाली उतरल्यावर रस्त्याकडेच्या एका नळावर त्याचं तोंड धुतलं, शाल धुतली, सीट पुसली. तो थंडीने कुडकुडत होता आणि थोरली सात वर्षांची, नाक धरून दूर उभी होती.

रात्री पुण्याला पोचलो. माझ्या आईने नेहमीसारखं दोघांना जवळ घेतलं आणि विचारलं, "काय काय पाहिलंत रे वाटेत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "काही नाही, आजी."

सहाशे किलोमीटर. दोन डोंगररांगा, नर्मदा, तापी, गोदावरी. काही नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने जेवताना "मला केली पाहिजे" म्हटलं. मामेभावंडं हसली. मुलंच ती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतरचे चार दिवस माझा मुलगा पुण्यात हिंदीतच बोलला. केळं हवं असलं की बोट दाखवायचा. ते बोट मला अजून दिसतं.

माझं माहेर पुणं, सासर इंदूर. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. घरातून निघालं की दोन मिनिटांत एबी रोड लागतो. एबी म्हणजे आग्रा-बॉम्बे. इंदूरची माणसं दिवसभर हे नाव घेतात, भाजीला जाताना, शाळेत सोडताना, पण हा रस्ता खरोखर कुठून कुठे जातो याचा विचार क्वचितच होतो. मीही केला नव्हता. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी या वाटेने रात्रीच्या बसने गेले. राजवाड्याजवळून सामान घेऊन रिक्षा, बस, झोप, पहाटे डोळे उघडले की नाशिक नाहीतर संगमनेर. मधलं सगळं अंधारात. मुलांनी काही पाहिलं नाही म्हणून मला वाईट वाटलं खरं, पण त्यांना दाखवण्याइतकं मलाही काही ठाऊक नव्हतं.

घाटात उलटी का होते, हे आमच्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. कानाच्या आतल्या भागाला गाडी हलतेय, वळतेय हे कळतं. डोळे मात्र हातातल्या स्थिर पडद्याकडे, ते सांगतात की आपण जागीच आहोत. दोन साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. दोन वर्षांच्या पुढच्या आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलांना हा त्रास जास्त. उपाय साधा आहे: नजर लांब ठेवायची, समोरच्या रस्त्यावर किंवा क्षितिजावर. थोडी खिडकी उघडायची. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. सासूबाई आलेपाकाच्या वड्या करतात, त्या डबीत असतात. तेव्हापासून दोन्ही घाटांत मोबाइल बंद, पुस्तक बंद, वही बंद. धाकट्याला त्यानंतर बिजासनला एकदाही उलटी झालेली नाही.

पण नजर लांब ठेव म्हटलं की मूल विचारतं, "तिथे काय आहे?" आणि ते मूल विचारत असताना आपल्याकडे उत्तर असावं लागतं.

आमच्या गाडीतली मांडणी सांगते. नवरा गाडी चालवतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे. मागे दोन खिडक्यांना दोन मुलं, मध्ये मी. तिघांनाही पट्टा. पूर्वी धाकटा आजीच्या मांडीवर बसायचा. ते मी बंद केलं आणि घरात त्यावरून दोन दिवस अबोला झाला. पण धक्का बसला तर मांडीवरचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पण कायद्यात आहे म्हटल्यावर सासूबाईंनी ऐकलं. त्या स्वतःही आता पट्टा लावल्याशिवाय "चला" म्हणत नाहीत.

मधली जागा अवघडच असते. पाय ठेवायला उंचवटा, पाठीला आधार कमी. पण मी ती सोडत नाही. मुलांना प्रवासात खेळणी लागतात, खाऊ लागतो, हे खरं. त्याहून जास्त त्यांना लागतं ते त्यांच्या नजरेच्या रेषेत बसलेलं मोठं माणूस, जे ते पाहतात तेच पाहणारं. पुढच्या सीटवरून मागे वळून सूचना देणं आणि शेजारी बसून "अगं, खरंच की!" म्हणणं यात फार फरक आहे.

पुढच्या वर्षी खलघाटला नर्मदेच्या पुलावर गाडी आली. सासूबाईंनी हात जोडले, "नर्मदे हर" म्हणाल्या. थोरलीने विचारलं, "हे पाणी कुठे चाललंय?"

"समुद्रात," मी म्हटलं.

"कोणत्या?"

मी थांबले. शाळेत पाठ केलं होतं, पश्चिमवाहिनी नदी, अमरकंटकला उगम, लांबी १३१२ किलोमीटर. खंबातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात. ते सांगितलं. मग तिचा पुढचा प्रश्न: "आणि आपल्या घरचं पाणी?"

हा प्रश्न मला पुण्यापर्यंत पुरला. रात्री नकाशा उघडून बसले आणि जे दिसलं त्याने मीच चकित झाले. मानपूरच्या अलीकडे जानापावची टेकडी आहे, तिथे चंबळ उगम पावते. ती उत्तरेला जाते, यमुनेला मिळते, यमुना गंगेला. म्हणजे आपल्या माळव्याच्या पठारावर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जातो. आणि तिथून थोडं पुढे घाट उतरला की निमाड, तिथलं पाणी नर्मदेतून अरबी समुद्रात. देशाच्या दोन टोकांच्या दोन समुद्रांचं पाणी त्या काठावर वेगळं होतं आणि आम्ही तिथून ताशी ऐंशीच्या वेगाने, न बघता, जात होतो.

थोरलीची वही तिथून सुरू झाली. साधी चौकटीची वही, पुलाचं नाव यायचं त्या ओळीत नदी. पाणी अरबी समुद्रात जाणार असेल तर निळी टिकली, बंगालच्या उपसागरात जाणार असेल तर लाल. लिहायचं गाडी थांबल्यावर, चालत्या गाडीत नुसतं लक्षात ठेवायचं. पूल आला की धाकट्याने ओरडायचं आणि पाटी वाचायची थोरलीने.

घर: लाल. नर्मदा: निळी. मग सेंधव्यावरून सातपुडा ओलांडायचा, शिरपूर सोडलं की तापी, मुलताईहून आलेली, सुरतेकडे निघालेली, निळी. धुळ्याची पांझरा तापीला मिळते म्हणून निळी. मालेगावची गिरणाही तापीचीच, निळी. मग चांदवडची सातमाळा रांग येते आणि तिच्यापलीकडे पुन्हा सगळं उलटं: नाशिकला गोदावरी, लाल. संगमनेरची प्रवरा गोदावरीला जाते, लाल. घारगावची मुळा प्रवरेला, लाल. आळेफाट्याजवळ आणखी एक पाणलोट बदलतो, तिथून पुढे भीमेचं खोरं, कळंबची घोड, राजगुरुनगरला खुद्द भीमा, मोशीची इंद्रायणी. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. लाल, लाल, लाल.

पान पूर्ण झाल्यावर थोरलीने ते लांब धरून पाहिलं. "आई, दोन्ही घरं लाल आहेत आणि मध्ये निळा पट्टा आहे." इंदूर आणि पुणं. मी एवढी वर्षं या दोन घरांमध्ये जातेय-येतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

वाटेत दोन मुळा लागतात, यावरून मात्र दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. घारगावची मुळा आणि पुण्याची मुळा. धाकट्याचं म्हणणं, एकच नदी दोनदा कशी येईल, ताईने चुकीचं लिहिलंय. शेवटी पुण्याला माझ्या वडिलांनी कागदावर दोन वेगळ्या रेघा काढून दाखवल्या, एक गोदावरीच्या घरची, एक भीमेच्या घरची. नाव सारखं, घर वेगळं. "आपल्या वर्गात दोन आर्या आहेत तसं," थोरली म्हणाली आणि वाद मिटला.

नळाच्या पाण्याचा शोध त्यांच्या बाबांनी लावून दिला. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि पंपांनी विंध्य चढवून आणतात. नर्मदेचं पाणी, म्हणजे निळं. पण आपण ते वापरलं की पुढे ते कान्ह नदीत, कान्हेतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत. म्हणजे लाल! थोरलीने वहीत घराच्या ओळीत निळी टिकली काढली आणि तिच्यावर अर्धी लाल. मोरीत हात धुताना धाकटा आजही कधीकधी म्हणतो, "जा, बंगालला जा."

डिसेंबरात खलघाटच्या आसपास परिक्रमावासी दिसतात. पांढरे कपडे, हातात काठी, कमंडलू, पाठीवर गाठोडं. ते मोजायचं काम धाकट्याचं. एकदा त्यानेच विचारलं, की हे सगळे काठाकाठाने चालतात, पुलावर एकही का नाही? सासूबाई एवढ्या खूश झाल्या! परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, ती सतत उजव्या हाताला ठेवायची, एका काठाने समुद्रापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. हे त्यांनी कितीदा सांगितलं होतं, कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुलावर कुणी नाही, हे मुलाला स्वतःला दिसलं तेव्हा ते शिरलं.

आता ळ.

बिजासनचा घाट उतरला की मध्य प्रदेश संपतो, महाराष्ट्र लागतो. मुलं पूर्वी विचारायची, रेघ कुठे आहे? रेघ काही दिसत नाही. तीच जमीन, तीच झाडं. इंदूरला विमानतळाजवळ बिजासन टेकडी आहे, तिथे आम्ही नवरात्रात जातो, आणि इथे घाटातही बिजासनी माताच, त्यामुळे धाकट्याला तर वाटायचं आपण फिरून इंदूरलाच आलो. मला त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. आणि मग मला तो नळ आठवला, जिथे शाल धुतली होती. शेजारी गावाची पाटी होती. पळासनेर.

हिंदीत ळ नाही. आमच्या इंदूरमध्ये सगळ्या पाट्या देवनागरीतच असतात, त्यामुळे मुलं त्या भराभर वाचतात, पण त्यांत ळ कुठेच भेटत नाही. एबी रोडवरच्या हिरव्या फलकावर 'धुले' असतं. सीमा ओलांडली की 'धुळे'. रेघ दिसत नाही, अक्षर दिसतं. आणि महाराष्ट्रात शिरल्या शिरल्या पहिल्याच गावाच्या नावात ते दुसऱ्या जागेवर येऊन बसलंय.

खेळ असा: घाट उतरताना नजर लांब, आणि पहिला ळ ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. पण नुसतं ओरडून चालत नाही. शब्द मोठ्याने, नीट म्हणायचा. म्हटला तर गूळ-शेंगदाण्याचा लाडू.

पहिल्या वर्षी धाकट्याने पाटी सर्वांत आधी पाहिली आणि म्हणाला, "पलासनेर!" थोरली म्हणाली, चूक. त्याचे डोळे भरून आले. तेव्हा सासूबाई पुढून वळून बसल्या, पट्ट्यातून जेवढं वळता येईल तेवढं. "जीभ मागे वळव. टाळूला लाव. आता सोड. वळव म्हण."

"वलव."

"अं हं. जीभ उलटी कर, पान उलटतो तशी. वळव."

शिरपूर येईपर्यंत हेच चाललं होतं. बाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या. मी काही बोलले नाही, नुसतं बोट दाखवलं, कारण मला ते पुण्यातलं बोट आठवत होतं. तो बराच वेळ खिडकीतून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "केळी." पुन्हा म्हणाला. मग पुढे तापीच्या पुलापर्यंत म्हणत राहिला. सासूबाईंनी लाडूंची अख्खी डबीच मागे दिली.

सासूबाईंचं मराठी इंदूरचं आहे. "मी येऊन राहिली", "तू काय करून राहिला", असं. पुण्याला आल्या की त्या कमी बोलतात, हे मला लग्न झाल्यापासून दिसत होतं. पण ळ त्यांचा असा खणखणीत आहे की ऐकत राहावं. चार पिढ्या माळव्यात काढून घराने तो जपलाय. मुलांनी तो माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून घेतला याचा मला आनंद आहे.

त्यानंतर पाट्यांवर झडप सुरू होते. शाळा, मळा, नळ, काळजी, लळिंग. धुळे सोडलं की डावी-उजवीकडे डोंगर दिसू लागतात, त्यातल्या एकावर लळिंगचा किल्ला, त्या नावात ल आणि ळ शेजारी शेजारी, म्हणून त्याला दोन गुण. चांदवडला मात्र थोरलीने जो शब्द पकडला त्याने गाडीतले सगळे गप्प झाले. तिथे अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. पाटीवर होतं, होळकर.

"आई, यांनी होलकर चुकीचं लिहिलंय."

ती इंदूरची मुलगी. तिच्या शहरात स्टेडियम होलकर, कॉलेज होलकर, चौकातल्या फलकावर होलकर. ज्यांच्या नावाने आम्ही सगळे मराठी लोक माळव्यात आलो, त्यांच्याच नावातला ळ आमच्या शहरात राहिला नाही, आणि आमच्या मुलीला खरं नाव चुकीचं वाटलं. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. त्याने तिला सांगितलं की होळ हे गाव, होळचे ते होळकर. की अहिल्याबाई १७२५ साली चौंडीला जन्मल्या, आपण आता आलो त्या बाजूला, धामनोदपासून आत, महेश्वरला त्यांनी राजधानी केली, आणि मधल्या या चांदवडला हा वाडा. आपण ज्या वाटेने सुट्टीत जातो त्या मुलखात त्यांची माणसं घोड्यांवरून जात-येत होती. थोरलीने वहीत नदीच्या पानावरच, नद्या सोडून पहिल्यांदा, एक शब्द लिहिला. होळकर. ळ ला दोनदा गिरवला.

बाकी खेळ लहानसहान आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेट आहेतच: एमपी ०९ मागे पडतात, बडवानीचे ४६ येतात, मग एमएच १८ दिसला की धुळे जिल्हा, ४१ मालेगाव, १५ नाशिक, आणि १२ दिसू लागले की मुलं आपोआप बूट घालायला लागतात. ट्रकांवर एनएल ०१ एवढे का, हा प्रश्न यायचाच. नागालँडचे ट्रक निमाडात कसे? ते ट्रक तिकडून येत नाहीत, कर आणि परवान्याच्या सोयीसाठी नोंदणी तिथे करतात, हे सांगितल्यावर धाकटा जरा हिरमुसला. त्याला वाटत होतं ड्रायव्हरकाका डोंगरातून हत्ती बघत आलेत.

गाण्याच्या भेंड्या आम्ही नाशिकनंतर ठेवतो, आधी लावल्या तर सगळ्यांचे आवाज बसतात. कोडी सासूबाईंची. मक्याचं शेत दिसलं की "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब". कुणी फार बडबड करत असेल तर "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे".

आणि बटला. पुण्याची मंडळी त्याला मटार म्हणतात, इंदूरला बटला. डिसेंबरात तो आमच्याकडे गोड आणि भरपूर येतो, तेव्हा आईकडे न्यायला म्हणून मी चार किलो घेते. निघताना सोलायला वेळ नसतो. एकदा थोरली अगदी रडकुंडीला आली होती, सेंधव्याच्या अलीकडे, कंटाळा आलाय, काही नकोय, नदी नको, गाणी नको. सासूबाईंनी काही न बोलता शेंगांची पिशवी मागे सरकवली, एक रिकामा डबा, सालांसाठी दुसरी पिशवी. मुलांचे हात चालू लागले. नजर खाली लावावी लागत नाही, बोटांना आपोआप कळतं. सोलता सोलता कुणाच्या शेंगेत नऊ दाणे, कुणाच्या दहा, निम्मे तोंडात. बाहेर कापसाने भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे चाललेले, रस्त्याकडेच्या काट्याकुट्यांत कापूस अडकलेला, अंगणांत लाल मिरच्या पसरलेल्या. दोघं सोलत होती आणि बघत होती. घाट यायच्या आधी तीन किलो झाला. त्या संध्याकाळी आईने त्याचीच मटारउसळ केली आणि धाकट्याने सगळ्यांना सांगितलं, "मी सोळलाय." सोललाय म्हणायला ळ लागत नाही, पण त्याने तिथेही ळ लावला. या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या भाच्याने त्याच्याकडून अजून एक वाटी मागितली.

मोबाइलला मी घरातून हाकललेलं नाही. चाकणला गाड्यांची रांग लागते, बाहेर अंधार, सगळे दमलेले, तेव्हा गोष्टी ऐकायला लावतो. ऐकायला, बघायला नाही. आणि मालेगाव ते चांदवड कधीकधी कुणीच काही करत नाही. मुलं काचेला कपाळ लावून बसतात. मी विचारत नाही. पूर्वी मी ती शांतता लगेच भरून काढायचे, बिस्किट, खेळ, गाणं. आता नाही भरत. एकदा अशाच अर्ध्या तासानंतर थोरलीने विचारलं होतं, "डोंगरांना कळतं का की पाणी कुठल्या बाजूला गेलं?"

यंदा परत येताना उशीर झाला. शिरपूरलाच दिवस मावळला. पळासनेरला धाकटा सीटवर गुडघे टेकून, पट्टा ताणून, मागच्या काचेतून बघत होता. मी त्याला बसवलं. तो म्हणाला, "शेवटचा ळ गेला."

पुढे अंधारात बिजासन चढलो. खलघाटला सासूबाई झोपेतच हात जोडून "नर्मदे हर" पुटपुटल्या. राजेंद्रनगरला पोचेपर्यंत बारा वाजायला आले होते. धाकटा बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेला. नवरा दार उघडायला थांबला. आमच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा दाराशेजारी काळ्या दगडावर घराचं नाव कोरून घेतलंय, ओंजळ. दिव्याचा उजेड पडला आणि धाकट्याने डोळे किलकिले केले. हात लांब केला, शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि पुन्हा झोपला.